लोह : कमी

दादाने व्हॉट्सॲपवर माती परीक्षणाच्या कागदाचा फोटो टाकला, तिरका, कोपऱ्यात त्याचा अर्धा अंगठा आलेला. खाली मेसेज, "तू दिवसभर लोखंडच तपासतीस न्हवं, मग हे काय ते सांग." कागदावर सामू म्हणजे पीएच ८.४, मुक्त चुना १३ टक्के, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, आणि लोह २.८ पीपीएम, म्हणजे किलोला २.८ मिलिग्रॅम, पुढे शिक्का मारलेला, कमी. ४.५ च्या खाली गेलं की कमी म्हणतात. तेव्हा मी लॅबमध्येच होते, हातात गरम सँपल, बाहेर फर्नेसवाला ओरडत होता, म्हणून नुसता अंगठा पाठवला आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला. पण तो शिक्का काही डोक्यातून जाईना. आमच्या रानात लोखंड कमी? आमच्या?

मी सांगलीजवळ कुपवाडला एका फाउंड्रीत केमिस्ट आहे. काम काय तर भट्टीतल्या रसाचं सँपल येतं, नाण्यासारखं, ते घासून चकचकीत करायचं, स्पेक्ट्रोवर ठेवायचं, चट्‌चट् ठिणगी पडते आणि अर्ध्या-एक मिनिटात स्क्रीनवर आकडे येतात. कार्बन ३.४२, सिलिकॉन २.०५, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, दुसऱ्या-तिसऱ्या दशांशापर्यंत. ह्या आकड्यांवरून भांडणं होतात, शिफ्टचा मूड ठरतो. आणि गंमत म्हणजे ह्या सगळ्या यादीत लोखंडाकडे कोणी बघत पण नाही. ते म्हणजे बाकीचं सगळं वजा करून जे उरतं ते. आतापर्यंत एकाही सुपरवायझरने "मॅडम, लोखंड किती आलं?" असं विचारलेलं नाही. टनावारी असतं म्हणून कोणाच्या हिशेबात नसतं. त्यामुळे एका कागदावर लोखंडाचाच रकाना, तोही मिलिग्रॅममध्ये, आणि पुढे 'कमी', हे बघून मला थोडं हसू आलं आणि थोडं टोचलं पण.

टोचायचं कारण म्हणजे लहानपणचं लोहचुंबक. आप्पांच्या बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, गोल, मध्ये भोक असलेलं. त्याला सुतळी बांधून आम्ही कृष्णेच्या पात्रात वाळूवरून ओढत न्यायचो. भिलवडीच्या पुलाखाली उन्हाळ्यात पाणी आटलं की वाळूत काळ्या रेघा उमटलेल्या असतात, लाटेने चाळून ठेवल्यासारख्या. त्या रेघेवरून चुंबक फिरवलं की त्याला काळी दाढी फुटायची. बोटाने काढावी तर बोटाला चिकटायची, नखात जायची, घरी आलं की आई म्हणायची, कुठं कोळसा उकरत होता. दादा ते काडेपेटीत साठवायचा आणि शाळेत कागदावर ओतून खालून चुंबक फिरवून पोरांना दाखवायचा, बघा मुंग्या. ते लोखंडच होतं, म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग, थोडं टायटॅनियम मिसळलेलं. आपल्या काळ्या फत्तरात ते भरलेलं असतं, फत्तर झिजला की नदीत येतं. सह्याद्रीच्या शंभर किलो बेसॉल्टमध्ये दहा किलोच्या आसपास लोखंड असतं. त्याच दगडाची आमची माती. आणि त्या मातीला सांगतायत की तुझ्यात लोह कमी.

रविवारी गावी गेले तर दादाने आधी रानातच नेलं. उसाचा खोडवा होता, ८६०३२ जातीचा. लांबूनच कळत होतं, मध्ये मध्ये पांढुरके पट्टे, केवडा पडलेला. जवळ जाऊन एक पान धरलं. पानाच्या शिरा हिरव्या आणि दोन शिरांमधली जागा पिवळी, शेंड्याकडची कोवळी पानं तर जवळजवळ कागदासारखी पांढरी, आणि त्याच उसाची खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. दादाने आधी युरिया टाकून बघितला होता. पण नत्र कमी पडलं की आधी जुनं पान पिवळं पडतं, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोखंडाचं तसं नाही. एकदा ज्या पानात जाऊन बसलं तिथून ते फारसं हलत नाही, त्यामुळे उपास घडतो तो कोवळ्या पानाला. हे मी नेटवर वाचून गेले होते, पण हातात पान धरून बघितलं तेव्हा कुठे पटलं.

"मग हाय का न्हाय लोखंड?" दादा.

आहे रे. लई आहे.

आता हे त्याला कसं सांगायचं हा प्रश्न. मला नववीतला, का आठवीतला, तो प्रयोग आठवला. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र करायची, चुंबक फिरवलं की कीस वर येतो, गंधक खाली राहतं, म्हणजे हे मिश्रण. मग तेच परीक्षानळीत तापवायचं, आतून लालबुंद होत जातं, गार झाल्यावर काळा गोळा मिळतो. आता फिरवा चुंबक. काही नाही. आमच्या सरांनी नळी फोडून तो गोळा बाकावर ठेवलेला आणि म्हणाले होते, पोरांनो ह्यात लोखंडाचा एक कण पण कमी झालेला नाही, फक्त ते आता लोखंडासारखं वागणार नाही. मग त्यावर ॲसिडचे थेंब टाकले आणि सगळा वर्ग नाक धरून बाहेर पळाला, नासक्या अंड्याचा तो वास, आणि सर एकटेच आत हसत उभे. मार्कांसाठी 'मिश्रण आणि संयुग यांतील फरक लिहा' एवढं पाठ केलं आणि विसरून गेले. पण मातीचा सगळा मामला हाच आहे.

एक किलो काळ्या मातीत ढोबळमानाने पन्नास ग्रॅम तरी लोखंड असतं. रिपोर्टवर आलंय २.८ मिलिग्रॅम. बाकीचं कुठे गेलं? कुठेच नाही, तिथेच आहे, पण गंजून बसलंय. आपण गंज म्हणजे पत्र्याला, बिजागरीला लागतो तो समजतो, पण जमिनीतलं बहुतेक लोखंड मुळातच गंजाच्या रूपात असतं, ऑक्सिजनने घट्ट धरलेलं, पाण्यात न विरघळणारं. मुळाला प्यायचं असतं, चावायचं नसतं. तर मातीत लोखंड किती ह्याला काही अर्थ नाही, विरघळतंय किती ह्याला अर्थ आहे. परीक्षण करणारे पण सगळं लोखंड मोजत नाहीत, डीटीपीए नावाचं एक रसायन घालून माती हलवतात आणि ते जेवढं ओढून घेईल तेवढंच मोजतात. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेलं तिहेरी भाराचं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं, लोखंड हजार पटीने कमी होतं. हजार पटीने! सातचा आठ झाला एवढंच कागदावर दिसतं. आमच्या लॅबमध्ये असा आकडा कोणी बघितला तर मशीन बिघडलं म्हणून फोन करतील.

झाड तसं गप्प बसत नाही. द्राक्षाची मुळं आजूबाजूला आम्ल सोडतात, थोडी जागा आंबट करून लोखंड सुटं करतात. ऊस, ज्वारी, मका ही गवताच्या जातीची पिकं वेगळं करतात, मुळातून एक पदार्थ बाहेर पाठवतात, तो लोखंडाला धरून परत मुळात येतो. पण तेरा टक्के चुना असलेल्या रानात, वर पाट पाण्याने तुंबलेला, तिथे मूळ किती आम्ल सोडणार आणि चुना ते किती खाणार.

आणि हा चुना तरी आमच्याच वाट्याला का? ह्याचं उत्तर पावसात आहे, आणि ते बघायला सकाळी गाडी काढून महाबळेश्वरला जायचं. फत्तर तोच. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याने लाखो वर्षं धुऊन धुऊन दगडातला चुना, सिलिका सगळं खाली वाहून नेलं, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तो लाल जांभा. कासच्या पठारावर पाय ठेवता तो पण हाच, लोखंडाचंच झाकण म्हणा ना, त्यावर बोटभर माती आणि त्या मातीत ती सगळी फुलं. कासला एकदा पांढरे मोजे घालून गेलेले, ते अजून तांबूस आहेत, निरमा काय आणि सर्फ काय. तिथली माती आम्लधर्मी, स्ट्रॉबेरी खूश. आणि आमच्याकडे पूर्वेला पाऊस पाचशे-सहाशे, तो चुना धुऊन न्यायला पुरत नाही, चुना तिथल्या तिथे खाली बसतो, नांगराला पांढरे खडे लागतात. म्हणजे पाऊस जास्त म्हणून तिकडे लोखंड उघडं पडलं आणि पाऊस कमी म्हणून आमचं कोंडलं गेलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "पावसाचं मला सांगू नगंस, किती पिशव्या आणू ते सांग."

पिशवी म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. त्याच्या शेडमध्ये गेल्या वर्षीची अर्धी पडली होतीच. तोंड उघडून बघितलं तर मधले खडे पोपटी हिरवे, काचेच्या चुऱ्यासारखे, आणि कडेचे, जिथून हवा लागली होती तिथले, पिवळट तपकिरी. हा रंग मला फार आवडतो खरं तर. हिरवं लोखंड म्हणजे दुहेरी भाराचं, सहज विरघळणारं, पिकाला पाहिजे ते. तपकिरी म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, झालं तिहेरी, परत गंजाच्या वाटेला लागलं. एका पिशवीत दोन्ही. आणि हे हिरवे खडे तसेच चुनखडीत फेकले तर तिथेही हेच होतं, दोन-चार दिवसांत तपकिरी, पैसे मातीत. म्हणून एकरी दहा किलो घ्यायचं ते शेणखतात कालवून पाच-सहा दिवस मुरवायचं आणि मग सरीत द्यायचं, शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्याला धरून ठेवतात. फवारणी करायची तर पंपात आधी थोडं सायट्रिक ॲसिड. दादाला हे आधीच माहीत होतं, तो म्हणाला आम्ही लिंबू पिळतोय की. दुकानदार त्याला लाल पावडर घे म्हणत होता, ते ईडीडीएचए चिलेट, चुनखडीतही लोखंड सोडत नाही असं. साधं ईडीटीएचं चिलेट स्वस्त पडतं पण आमच्या सामूला ते लोखंड सोडून चुन्यालाच जाऊन मिठी मारतं. लाल चांगलंच आहे, पण भाव ऐकला आणि दादाने ती पुडी परत काउंटरवर ठेवली, म्हणाला ही द्राक्षवाल्यांची औषधं.

मला ह्यात राहून राहून किर्लोस्करांचा नांगर आठवत होता. १९१० साली कुंडलच्या माळावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण त्याच्या आधी बेळगावला लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढले तेव्हा ते कोणी घेईना, कारण लोकांना वाटायचं की लोखंडाने जमिनीत विष भिनेल. हे वाचताना प्रत्येक जण हसतो, मी पण हसायचे. आता तेवढं हसू येत नाही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, फाळ झिजून झिजून वर्षाला मातीत जात असेल काही ग्रॅम, त्याने विषही होत नाही आणि भूकही भागत नाही, जमिनीच्या लेखी तो आणखी एक खडा. पण माणसांनी लोखंड आणि जमीन ह्यांच्यात काहीतरी देणंघेणं असतं हे ओळखलेलं, फक्त दिशा उलटी धरली.

आणि बिडाचं म्हणाल तर आमच्या धंद्यात पण हेच. बीड ठिसूळ का, तर त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत एक चीर. हातोडा बसला की चिरेला चीर मिळते. अनेक वर्षं लोकांना वाटायचं कार्बन आहे तोवर हे असंच राहणार. मग १९४३ साली अमेरिकेत कीथ मिलिस ह्या माणसाने रसात मॅग्नेशियम टाकून बघितलं आणि तोच कार्बन, तेवढाच, पापुद्रे सोडून गोल गोळ्या करून बसला. बीड वाकायला लागलं. मॅग्नेशियम शेवटी उरतं किती, शंभर किलोला चाळीस-पन्नास ग्रॅम. आमच्याकडे रोज होतं हे, लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, टाकलं की डोळे दिपवणारा पांढरा जाळ, कारण रसाच्या तापमानाला मॅग्नेशियम सरळ उकळतं, सगळे तोंड फिरवून उभे, आणि मग पळापळ, कारण पाच-दहा मिनिटांत ओतलं नाही तर त्याचा असर उतरतो आणि परत पापुद्रे. स्पेक्ट्रोवर दोन्ही सँपलचा कार्बन एकच दिसतो. फरक बघायचा तर पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरायला लागतं. मी नवीन पोरांना हे दाखवते तेव्हा ते आकडे बघतात आणि म्हणतात मॅडम सेमच आहे.

घरी आलो तर वहिनी ओट्याशी टेकून उभी. मला ती जरा पांढरी दिसली. आता हे सगळं डोक्यात असल्यामुळे मला सगळंच पांढरं दिसत होतं असंही असेल, पण जिना चढून आली तर धाप लागलेली. हिमोग्लोबिन विचारलं तर ८.६, महिन्यापूर्वी काढलेलं. म्हटलं गोळ्या? घेते की, सकाळी, चहाबरोबर, आणि ती हाडाची पण त्याच्यासोबतच, म्हणजे विसरायला नको. लोखंडाची गोळी, कॅल्शियमची गोळी, वर कपभर चहा. मी तिच्याकडे बघतच राहिले. तेरा टक्के चुना हिने पोटात केला होता.

माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोखंड, दोन-अडीच इंची खिळ्याएवढं. रोज आत जायला पाहिजे एक-दोन मिलिग्रॅम. पालेभाजी, बाजरी, गूळ, शेंगदाणे, ताटात ह्याच्या कितीतरी पट असतं, पण ते आत शिरतच नाही, कॅल्शियम आडवं येतं, धान्यातलं फायटेट आडवं येतं, चहा तर येतोच येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला. ह्यात खायलाच न मिळणाऱ्या आहेत, पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या आहेत, जंत आहेत, सगळ्यांच्या मागे उभं राहून उरलंसुरलं जेवणाऱ्या आहेत, सगळा दोष चहावर ढकलायचा नाही मला. पण वहिनी नीट खाते. तिच्या अंगी लागत नाही.

तिला नुसतं सांगून उपयोग नव्हता. शेडमधून हिराकशीचा एक हिरवा खडा आणला, कपात कोरा चहा घेतला, आणि त्यात टाकला. आधी काहीच झालं नाही. मग खड्याभोवती जांभळट काळी रेघ सुटली, खाली गेली, पसरली, चमच्याने हलवलं आणि कपात चहाच्या जागी दौतीतली शाई. अक्षरशः शाईच ती. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि असा काळा पदार्थ होतो. हिरड्यात पण तेच टॅनिन, हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी काळी शाई करायचेच लोक, आणि ती पुसली जायची नाही. आईच्या लोखंडी कढईत आंबट राहिलं की काळं पडतं ते पण ह्याच घराण्यातलं, पण तिथे आंबटामुळे लोखंड सुटून भाजीत येतं म्हणून ते फायद्याचं. ती कढई आता माळ्यावर, नॉनस्टिक आली तेव्हापासून.

वहिनीने कप हातात घेऊन वाकडा करून बघितला, कडेला काळी कड राहत होती. "म्हंजे रोज माझ्या पोटात शाई हुतीया?"

म्हटलं थोडीफार. ती गोळी रात्री घ्या, लिंबूपाण्याबरोबर, हाडाची दुपारी. चहा जेवणानंतर तासाभराने. लिंबाने तेच होतं जे दादाच्या पंपात होतं, लोखंडाला विरघळतं ठेवायचं, शिवाय लिंबातलं व्हिटॅमिन सी तिहेरी लोखंडाला परत दुहेरी पण करतं. संडास काळी झाली तर घाबरायचं नाही, न शोषलेलं लोखंडच ते. पोटात ढवळलं तर डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी घ्यायची पण बंद करायची नाही. मी हे सगळं भराभर बोलून टाकलं, एकदम लॅबमधल्या सुरात, नंतर माझं मलाच जाणवलं. दादा मागे उभा राहून ऐकत होता, म्हणाला ह्याला पण एकरी किती ते सांग.

वहिनी हसली नाही. तिने तो काळा कप मोरीत ओतला, दोनदा विसळला, बाजूला ठेवला आणि दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं, कारण दारात चुलत सासरे येऊन बसले होते.

"वन्सं, गोळीचं करंन मी रातच्याला," ती साखरेचा डबा उघडत म्हणाली, "पर पावणं जेवून उठलं आणि म्या तासभर चहा न्हाय टाकला, तर तुमचं दादाच पयलं वरडतील."